पेटंटची फी खात्यातून गेली, पावती मात्र आली नाही: पुन्हा भरायची की थांबायचं?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कोणी टॉवेलच्या मागासाठी नवी जोडणी बनवतो, कोणी कडक भाकरीचं यंत्र, कोणी डाळिंबाचे दाणे न फुटता सोलणारं. अर्ज लिहून होतो, आकृत्या होतात, सही होते आणि गाडं शेवटच्या पायरीवर अडतं. बँकेचा मेसेज येतो की १,६०० रुपये वजा झाले. पडद्यावरचं चक्र मात्र फिरतच राहतं आणि पावती काही निघत नाही. माणूस घाबरतो, मागे जातो, पुन्हा भरतो. दोनदा पैसे गेल्यावर मग परताव्यासाठी पत्रव्यवहार सुरू होतो.

नियम एकच लक्षात ठेवा. आज मुदतीचा शेवटचा दिवस असेल तर न कचरता पुन्हा भरा. मुदत लांब असेल तर पुन्हा भरू नका, आधी पहिल्या रकमेचा माग काढा. चुकून दोनदा गेलेली फी परत मागायची सोय पेटंट नियमांत आहे. हुकलेली तारीख परत मिळवणं मात्र कितीतरी अवघड आणि महाग आहे.

पैसे नेमके कुठे अडकतात

पेटंट कार्यालयाच्या ई-फायलिंग पोर्टलवर फी थेट जमा होत नाही. पोर्टल तुम्हाला भारतकोशकडे पाठवतं. केंद्र सरकारच्या करेतर रकमा याच खिडकीतून जातात. भारतकोश पुढे बँकेकडे पाठवतो. बँक होकार देते, तो भारतकोशकडे परततो, तिथून पोर्टलकडे येतो, आणि मगच पोर्टल सीबीआर क्रमांक पाडतं. सीबीआर म्हणजे कॅशबुक रिसीट, रोखवहीतली पावती. या साखळीतला एक दुवा जरी परतीच्या वाटेवर तुटला तरी खात्यातून पैसे गेलेले असतात आणि पोर्टलच्या लेखी तुम्ही काहीच भरलेलं नसतं.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की फॉर्म अपलोड झाला म्हणजे दाखल झाला असं होत नाही. पेटंट कायद्याचं कलम १४२ सांगतं की ज्या कामाला फी ठरलेली आहे, ते काम फी भरल्याशिवाय ग्राह्य धरलं जात नाही. म्हणून रात्री ११ वाजून ५५ मिनिटांनी फॉर्म चढवून १२ वाजून ५ मिनिटांनी पैसे गेले, तर दुसऱ्या दिवसाची तारीख लागण्याचा धोका तुमच्याच डोक्यावर असतो.

आधी तीन ठिकाणी बघा, याच क्रमाने

पहिलं, बँकेचं खातेपत्रक. मेसेजवर विसंबू नका. नोंद प्रत्यक्ष वजा झालेली आहे की नुसती रोखून धरलेली आहे ते पाहा आणि यूटीआर किंवा बँकेचा व्यवहार क्रमांक लिहून घ्या.

दुसरं, भारतकोशचं संकेतस्थळ. तिथे ‘ट्रॅक युवर पेमेंट’ असा पर्याय आहे. पैसे भरायला निघताना पडद्यावर दिसलेला व्यवहार संदर्भ क्रमांक तिथे घाला. हा क्रमांक बहुतेक जण टिपूनच ठेवत नाहीत आणि इथेच सगळं घोडं अडतं. बँकेच्या पानावर जाण्याआधी पडद्याचा फोटो काढायची सवय लावून घ्या.

तिसरं, ई-फायलिंग पोर्टल. बाहेर पडा, पुन्हा लॉगिन करा, आणि तो फॉर्म पैसे भरायचे राहिलेल्यांत दिसतो की दाखल झालेल्यांत, ते पाहा. कित्येकदा पावती तयार झालेली असते. ब्राउझरने पॉप-अप अडवल्यामुळे ती उघडलेली नसते एवढंच.

आता जे दिसेल त्यावरून पुढचं ठरतं.

बँकेत वजा, भारतकोशवर यशस्वी, पोर्टलवर मात्र बाकी: पैसे सरकारकडे पोचलेले आहेत. मुदत आजच संपत नसेल तर पुन्हा भरायचं कारण नाही. ई-फायलिंगच्या मदत कक्षाला संदर्भ क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम, युजर आयडी, फॉर्मचा प्रकार आणि खातेपत्रकाचं पान पाठवा. भारतकोशची पावती डाउनलोड होत असेल तर तीही जोडा.

बँकेत वजा, भारतकोशवर अयशस्वी किंवा प्रलंबित: पेटंट कार्यालयाला पत्र लिहून उपयोग नाही, कारण पैसे त्यांच्याकडे गेलेलेच नाहीत. हा विषय बँकेचा आहे. कार्डाने किंवा यूपीआयने भरलं असेल आणि व्यापाऱ्याच्या बाजूला पोच मिळाली नसेल, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप उलटली पाहिजे, असं रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक सांगतं. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. तक्रारीत या परिपत्रकाची तारीख घाला, म्हणजे शाखेतून पुढचे प्रश्न येत नाहीत.

बँकेतच वजा नाही: मग काही घडलेलंच नाही. थोडं थांबा, ब्राउझर बंद करून नव्याने भरा.

पुन्हा भरायची वेळ आलीच तर एक काळजी घ्या: *तोच* मसुदा उघडून त्याचीच फी भरा. घाईत नवा फॉर्म १ (मूळ अर्जाचा फॉर्म) बनवू नका. नवा बनवला तर दोन अर्ज क्रमांक पडतात, आणि मग ‘एकाच कामाची फी दोनदा भरली’ हे दाखवणं कठीण होतं. कागदोपत्री ती दोन वेगळी कामं झालेली असतात.

परतावा कधी मिळतो, कधी नाही

पेटंट नियम २००३ मधला नियम ७ चा चौथा उपनियम मुळातच कडक आहे. एकदा भरलेली फी सहसा परत मिळत नाही, काम झालं असो वा नसो. त्यातून सुटका दोनच ठिकाणी आहे.

एक म्हणजे ऑनलाइन दाखल करताना एकाच कामाची फी एकाहून जास्त वेळा भरली गेली आणि कंट्रोलरची, म्हणजे पेटंट कार्यालयातल्या निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याची, तशी खात्री पटली, तर जादाची रक्कम परत होते. यासाठी कंट्रोलरच्या नावे साधं पत्र लागतं. त्यात अर्ज क्रमांक, फॉर्म क्रमांक, दोन्ही व्यवहारांचे संदर्भ क्रमांक, दोन्ही पावत्या (दुसरी निघाली असेल तर), दोन्ही रकमा दिसणारं खातेपत्रकाचं पान, आणि रद्द केलेला चेक. कोणती रक्कम कामाची धरायची आणि कोणती परत हवी ते स्पष्ट लिहा. ‘जास्तीचे पैसे परत द्यावेत’ एवढं लिहून भागत नाही. पैसे वकिलाच्या किंवा एजंटच्या खात्यातून गेले असतील तर पत्रात तेही नमूद करा, नाहीतर बँक तपशील आणि अर्जदाराचं नाव जुळत नाही म्हणून पत्र परत येतं.

दुसरी सूट फॉर्म २९ ची, म्हणजे अर्ज मागे घेण्याच्या फॉर्मची. परीक्षणाची विनंती, म्हणजे फॉर्म १८ किंवा त्वरित परीक्षणाचा फॉर्म १८अ, भरलेला आहे. पण पहिला आक्षेप अहवाल, ज्याला सगळे एफईआर म्हणतात, अजून निघालेला नाही. आणि तुम्ही अर्ज मागे घेत आहात. अशा वेळी परीक्षणाच्या फीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम परत मिळू शकते. व्यक्तीने ई-फायलिंगने फॉर्म १८ चे ४,००० भरले असतील तर ३,६०० रुपये. अर्जाचे १,६०० त्यात येत नाहीत. फॉर्म २९ ला वेगळी फी नाही. मात्र एफईआर निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी हा फॉर्म भरला तर हातात काहीच पडत नाही, म्हणून त्याच सकाळी अर्जाची स्थिती तपासा आणि मगच दाखल करा.

बाकी प्रकरणांत आशा ठेवू नका. क्लेम (शोधातल्या कशावर हक्क सांगता ते सांगणारी कलमं) जास्त लिहिले आणि एफईआरनंतर काढून टाकले, तरी त्यांची फी गेलीच. अर्ज नाकारला गेला, सोडून दिला, उत्तर वेळेत दिलं नाही, तेव्हाही तसंच. कारखान्याची उद्यम नोंदणी उशिरा झाली म्हणून आधी भरलेल्या पूर्ण ८,००० आणि सवलतीच्या १,६०० मधला फरकही मागे मिळत नाही.

मुळात रक्कमच चुकते ती इथे

अर्जाची ई-फायलिंग फी व्यक्ती, स्टार्टअप, लहान उद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना १,६०० रुपये, इतरांना ८,०००. कागदी अर्ज केला तर १,७५० आणि ८,८००. शैक्षणिक संस्थांना ही सवलत सप्टेंबर २०२१ पासून मिळते, तेव्हा सोलापुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ८,००० भरायचं कारण उरलेलं नाही.

आपल्याकडे घोळ होतो तो भागीदारी संस्थेचा. यंत्रमागाचे कितीतरी कारखाने दोन भावांच्या किंवा काका-पुतण्याच्या भागीदारीत आहेत. भागीदारी संस्था ही ‘व्यक्ती’ नव्हे. तिच्या नावाने अर्ज केला आणि लहान उद्योगाचा पुरावा जोडला नाही, तर ती ‘इतर’ मध्ये जाते आणि पाचपट फी लागते. उद्यम प्रमाणपत्र असेल तर सवलत मागण्याच्या फॉर्म २८ सोबत ते जोडा. पेटंट नियमांतला ‘लहान उद्योग’ उद्यमच्या ‘लघु’ एवढाच नाही. व्याख्या मध्यम उद्योगाच्या मर्यादेपर्यंत जाते. प्रमाणपत्रावर ‘मध्यम’ लिहिलंय म्हणून हात आखडू नका.

फॉर्म २८ एकदा दिला की झालं, असंही नाही. ज्या ज्या कागदाला फी आहे, त्या प्रत्येकासोबत तो लागतो. फॉर्म १ ला जोडला आणि दीड वर्षाने फॉर्म १८ भरताना विसरला, की फी कमी पडल्याचा आक्षेप येतो.

संयुक्त अर्जात एक जरी मोठी कंपनी असली तरी सगळ्यांना ‘इतर’ ची फी लागते. आणि व्यक्तीच्या नावावरचा अर्ज पुढे अशा कंपनीला दिला, तर हस्तांतरणाच्या विनंतीसोबत फीतला फरक भरावा लागतो. याउलट स्टार्टअपची मुदत संपली किंवा उलाढाल वाढून ती मर्यादेबाहेर गेली, तर मागचा फरक कोणी मागत नाही.

पानं आणि क्लेम यांचं गणित एकदा कागदावर करून बघा. ३० पानांपुढे प्रत्येक पानाला १६० रुपये, १० क्लेमपुढे प्रत्येक क्लेमला ३२०, सवलतीच्या दराने. समजा डाळिंब सोलण्याच्या यंत्राचं स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, ४६ पानांचं आहे आणि क्लेम १७:

अर्ज १,६००
जादा १६ पानं × १६० = २,५६०
जादा ७ क्लेम × ३२० = २,२४०
एकूण ६,४००

हाच अर्ज ‘इतर’ मध्ये गेला तर ३२,०००. दाखल करण्याआधी बसून क्लेम दहावर आणता येतात का हे बघण्यात एक दुपार गेली तरी ती वाया जात नाही.

पानं अचानक का वाढतात? नियम ९ प्रमाणे कागद ए-फोर हवा, ओळींत किमान दीड अंतर, वर आणि डावीकडे ४ सेंटीमीटर, खाली आणि उजवीकडे ३ सेंटीमीटर समास. झेरॉक्सवाल्याकडे एका अंतरात दाटीवाटीने टाइप केलेली २४ पानं या मापात बसवली की चाळिशीकडे जातात. आकृत्यांची पानंही मोजली जातात. म्हणून मसुदा पहिल्यापासून याच मापात टाइप करा आणि फी पीडीएफ तयार झाल्यावरच मोजा. स्पेसिफिकेशन हिंदीत किंवा इंग्रजीतच चालतं, मराठीत नाही, हेही भाषांतराच्या खर्चाचा अंदाज बांधताना लक्षात असू द्या.

फॉर्म १८ आधीच भरलेला असताना त्वरित परीक्षणात जायचं असेल, तर फॉर्म १८अ चे पूर्ण ८,००० पुन्हा भरू नका. रूपांतराचा पर्याय निवडा. व्यक्तीला त्याचे ४,००० पडतात.

रिन्युअल: जिथे पेटंट खरंच हातचं जातं

पावतीचा घोळ निस्तरता येतो. रिन्युअलचा घोळ पेटंटच घालवतो, म्हणून इथे जरा थांबून वाचा.

अर्ज प्रलंबित असेपर्यंत रिन्युअलची, म्हणजे पेटंट जिवंत ठेवण्याची, वार्षिक फी भरायची नसते. पेटंट मंजूर होऊन नोंदवहीत चढलं की मागच्या वर्षांची साचलेली फी एकदम द्यावी लागते. नोंद झाल्यापासून ३ महिन्यांत. मुदतवाढीचा फॉर्म ४ भरून फार तर नोंदीपासून ९ महिन्यांपर्यंत. वर्षं मोजायची ती मंजुरीच्या तारखेपासून नव्हे, अर्जाच्या तारखेपासून. आधी प्रोव्हिजनल (तात्पुरतं स्पेसिफिकेशन) भरलं असेल तर त्या तारखेपासून, पीसीटीने, म्हणजे आंतरराष्ट्रीय पेटंट कराराच्या वाटेने, आला असाल तर आंतरराष्ट्रीय अर्जाच्या तारखेपासून.

सवलतीचे दर असे: तिसऱ्या ते सहाव्या वर्षासाठी दरवर्षी ८००, सातव्या ते दहाव्यासाठी २,४००, अकराव्या ते पंधराव्यासाठी ४,८००, सोळाव्या ते विसाव्यासाठी ८,०००. इतरांना याच्या पाचपट.

आता एक उदाहरण. समजा अर्ज १० जून २०१९ चा, पेटंटची नोंद २० फेब्रुवारी २०२५ ची. नोंदीच्या दिवशी सहावं वर्ष चालू आहे. म्हणून तिसरं, चौथं, पाचवं, सहावं अशा चार वर्षांचे ३,२०० रुपये २० मे २०२५ पर्यंत भरायचे. अर्जदार मे महिन्यात ते भरतो, पावती फाइलला लावतो आणि सुटकेचा श्वास टाकतो.

पण सातव्या वर्षाची फी सहावं वर्ष संपण्याआधी द्यायची असते. सहावं वर्ष ९ जून २०२५ ला संपतं. म्हणजे ३,२०० भरल्यावर तीन आठवड्यांतच आणखी २,४०० द्यायचे आहेत, आणि त्याची आठवण करून द्यायला कोणी घरी येत नाही. हीच ती जागा जिथे चांगली पेटंटं संपतात. अशा वेळी मे महिन्यातच सातव्याचे २,४०० सोबत भरून टाका, एकूण ५,६००.

ते राहिलंच, तर पुढचे ६ महिने फॉर्म ४ ने वाढवून मिळतात, महिन्याला ४८० रुपये जादा देऊन. तेही गेले की पेटंट संपतं. पेटंट संपल्याच्या तारखेपासून १८ महिन्यांच्या आत फॉर्म १५ भरून पुनर्स्थापना मागता येते. त्याचे २,४००, मान्य झाल्यास आणखी ४,८००, वर थकलेली फी. शिवाय फी जाणूनबुजून टाळली नव्हती आणि अर्ज करायला विनाकारण उशीर केला नाही, हे पुराव्यानिशी पटवावं लागतं. बँकेचा अयशस्वी व्यवहार, मदत कक्षाला केलेला मेल, आजारपणाचे कागद इथे कामी येतात. म्हणून फसलेल्या व्यवहाराचे पुरावे पैसे परत आल्यावरही फेकू नका.

किमान चार वर्षांची फी ऑनलाइन आगाऊ भरली तर २०२४ पासून १० टक्के सूट आहे. सातवं ते दहावं मिळून ९,६०० ऐवजी ८,६४०. वस्तू बाजारात चालू असेल तर ही सूट जरूर घ्या. तारखा विसरण्याचा धोका टळतो हा त्यातला मोठा फायदा. यंत्र दोन वर्षांत चालेल की नाही याचीच खात्री नसेल तर ९६० रुपये वाचवण्यासाठी पैसे अडकवू नका, कारण पुढे पेटंट सोडून दिलं तर आगाऊ रक्कम परत मिळेल असं धरून चालता येत नाही.

शेवटच्या दिवसावर येऊ नये यासाठी

परीक्षणाच्या विनंतीची मुदत १५ मार्च २०२४ पासून दाखल झालेल्या अर्जांना ३१ महिने आहे, पूर्वीच्या अर्जांना ४८. जुन्या सवयीने ४८ धरून बसलेले बरेच आहेत. ५ जुलै २०२४ च्या अर्जाला, अग्रक्रमाची, म्हणजे त्याच शोधाच्या आधीच्या अर्जाची, तारीख नसेल तर, ५ फेब्रुवारी २०२७ ही शेवटची तारीख. ती हुकली की अर्ज मागे घेतला असं मानलं जातं. वहीत तारीख लिहिताना खऱ्या मुदतीच्या दहा दिवस आधीची लिहा. बँकेचे ५ दिवस आणि मध्ये येणारा शनिवार-रविवार त्यात बसतो.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते, गावात कामं मंदावतात, पण मुदत मोजताना सुट्टी पाहायची ती मुंबईच्या पेटंट कार्यालयाची, सोलापूरची नव्हे. तुमच्या एकट्याच्या घरचं इंटरनेट गेलं हे कारणही चालत नाही. परिसरातली दळणवळण सेवाच सर्वसाधारणपणे कोलमडली असेल तर उशीर माफ होऊ शकतो, आणि त्यासाठीही सेवा पूर्ववत झाल्यावर महिन्याच्या आत हालचाल करावी लागते.

नेट बँकिंगची आणि कार्डाची दैनिक मर्यादा आदल्या दिवशी तपासा. क्लास ३ ची डिजिटल सही संपलेली नाही ना, तेही बघा. एकाच वेळी दोन टॅब उघडू नका, बँकेच्या पानावर असताना मागे जाऊ नका, पान ताजं करू नका. मोबाइलच्या डेटावर भरण्यापेक्षा संगणकावर, स्थिर जोडणीवर भरा.

कागदी मार्गाने जाणाऱ्यांसाठी: महाराष्ट्राचं काम मुंबईत अँटॉप हिलच्या कार्यालयात चालतं. साधा चेक चालत नाही. डीडी किंवा बँकर्स चेक ‘कंट्रोलर ऑफ पेटंट्स’ च्या नावे हवा आणि तो मुंबईतल्या शेड्यूल्ड बँकेवर काढलेला हवा. शाखेत नुसतं ‘डीडी द्या’ म्हटलं आणि तो सोलापुरातच वटणारा निघाला, की परत येतो. काउंटरवर डीडी हातात घेतल्या घेतल्या त्यावरचं गावाचं नाव वाचा. रोख भरायला सिद्धेश्वर एक्सप्रेसने जाणं हा शेवटचा उपाय आहे, पण आदल्या रात्री निघून सकाळी काउंटरवर पोचता येतं, हे अडीअडचणीला ठाऊक असलेलं बरं.

एक वेगळा धोका. अर्ज पेटंट जर्नलमध्ये छापला गेला की तुमचं नाव-पत्ता सगळ्यांना दिसतो. मग सरकारी वाटावीत अशी पत्रं येतात: ‘नोंदणी शुल्क’, ‘प्रकाशन शुल्क’, खाली कुठल्यातरी खासगी खात्याचा क्रमांक. पीसीटी अर्जदारांना अशा बनावट बिलांबद्दल जागतिक बौद्धिक संपदा संघटना स्वतः सावध करते. शंका आली तर पोर्टलवर आपल्या अर्जाची स्थिती उघडा. तिथे बाकी दिसत नसेल तर एक रुपयाही पाठवू नका.

एजंटमार्फत काम करत असाल तर त्यांच्या बिलात सरकारी फी आणि त्यांचा मेहनताना वेगळा लिहून मागा, आणि सरकारी फीची सीबीआर पावती प्रत्येक वेळी स्वतःच्या मेलवर घ्या. पावतीवरचा अर्ज क्रमांक अंकन् अंक ताडून पाहा. एक आकडा चुकून दुसऱ्याच अर्जाला रिन्युअल लागलं असेल, तर ते मुदतीच्या आत लक्षात आल्यावर आपल्या अर्जाची फी लगेच भरता येते. मुदत गेल्यावर लक्षात आलं, तर आधी फॉर्म ४ आणि मग पत्र.